नववीतल्या मुलाला एलडी असेल तर गणित सोडायचं का?

पत्र जरा कापून देतेय, मुद्दा तोच ठेवलाय. एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, बुद्धी ठीक असून वाचण्या-लिहिण्यात किंवा गणितात येणारी अडचण; त्यातल्या वाचण्या-लिहिण्याच्या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात.

"नमस्कार ताई. आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. मुलगा नववीत आहे, सेमी इंग्लिश. रात्री मी धडा वाचून दाखवला की तोंडी सगळं सांगतो, पेपरात मात्र निम्मंच लिहितो आणि तेही कुणाला लागत नाही. पहिलीपासून आळशी आहे, लक्ष नसतं, हेच ऐकत आलो, ह्याच्या वडलांनी मारही दिलाय. यंदा नवीन आलेल्या मॅडम म्हणाल्या एलडी असू शकतं, तपासून घ्या. हेडसर म्हणतात शाळेचा निकाल खाली येईल, त्यापेक्षा दाखला काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. एका क्लासवाल्यानं स्पेशल एज्युकेशनचा कोर्स सांगितलाय, तीन महिन्यांत डिस्लेक्सिया जातो म्हणे, फी चाळीस हजार. सासूबाई म्हणतात सर्टिफिकेट काढू नका, शिक्का बसेल, उद्या सोयरीक जमायची नाही. ओळखीतल्या एकीनं सांगितलं गणित सोडता येतं, सोडा म्हणजे पास होईल. मुलाचं म्हणणं एकच, मला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. घरची पाण्याची मोटर नुसती घूं करायला लागली की कपॅसिटर गेलाय हे ह्यालाच कळतं आणि बदलतो पण हाच. काय करू? – एक आई"

ताई, प्रश्न पाच-सहा आहेत पण मी शेवटून सुरू करते, कारण तुमचा मुलगा काय म्हणतोय ते पत्रात सगळ्यात खाली आलंय आणि बाकीची बरीच उत्तरं त्याच्यावरच ठरणार आहेत. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला दहावी पास लागते आणि ती सायन्स-गणित घेऊन पास लागते. म्हणजे ओळखीतल्या बाईंचं ऐकून आज गणित सोडलंत तर दहावी सुटेल कदाचित, पण त्याला जे दार हवंय तेच तुम्ही हातानं बंद केलेलं असेल. वायरमन, वेल्डर ह्या ट्रेडला आठवी पासवर पण प्रवेश असतो, त्यामुळे अगदीच काही राहत नाही असं नाही, पण पोरगा कॉइल आणि कपॅसिटरपर्यंत पोचलाय तर त्याला इलेक्ट्रिशियनच करू दे ना.

गणित सोडणं म्हणजे काय होतं ते आधी सांगते, कारण ह्यावर लोक अर्धवट ऐकून बोलतात. आपल्या बोर्डात एलडीच्या मुलांना दहावीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि सोबत कार्यानुभवाचा एक विषय घेता येतो. ज्या मुलाला बेरीज-वजाबाकीतच अडकायला होतं, घड्याळ बघून किती मिनिटं राहिली ते सांगता येत नाही, सुट्टे पैसे मोजताना घाम फुटतो, त्याच्यासाठी ही सवलत म्हणजे देवच पावला. तुमच्या मुलाचं मला तसं दिसत नाही. त्याचा घोळ वाचण्या-लिहिण्यात आहे, आकड्यांत आहे की नाही ते टेस्टमध्ये कळेल. शाब्दिक उदाहरण वाचताच येत नाही म्हणून गणित चुकणं आणि गणितच न कळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरी बसून पण हे बघता येतं: एक शाब्दिक उदाहरण तुम्ही मोठ्यानं वाचून द्या, आणि त्याच जातीचं दुसरं त्याला स्वतः वाचू द्या. पहिलं सुटलं आणि दुसरं अडलं तर गणित ठेवा. कॅल्क्युलेटरची परवानगी मिळते, ती मागा. शिवाय पास व्हायला थोडे कमी पडले तर दिव्यांग विद्यार्थ्यांना वाढीव वीस गुणांपर्यंत सवलत असते, तो टेकू आहेच.

सोडायचीच असेल तर भाषा सोडा. तीनपैकी एक भाषा सोडून तिच्या जागी कार्यानुभवाचा विषय घेता येतो. हिंदी सोडली म्हणून इलेक्ट्रिशियनचं काही अडत नाही, टीव्हीनं शिकवली तेवढी हिंदी त्याला येतेच. आणि सेमीचा पण जरा विचार करा. आपल्याकडे सेमी म्हणजे प्रतिष्ठेचं झालंय हे मला माहितीय, पण ज्या मुलाला मराठीच वाचायला जड जातं त्यानं गतीचे नियम इंग्लिशमधून वाचायचे आणि इंग्लिशमधूनच लिहायचे म्हणजे आजाऱ्याच्या डोक्यावर अजून एक पोतं. शाळेत पूर्ण मराठीची तुकडी असेल तर नववीतच, दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत, बदलून मिळतं का विचारा. नसेल तर नसू दे, पण विचारायला काय जातं.

आता मला खरं जे सांगायचंय ते. सवलती मिळाल्या म्हणजे काम झालं असं जवळपास प्रत्येक घरात समजतात. सर्टिफिकेट आलं, बोर्डाची परवानगी आली, पेढे वाटले, आणि मग पोरगं मार्चमध्ये पहिल्यांदा लेखनिकाच्या, म्हणजे त्यानं सांगितलेलं उत्तर लिहून देणाऱ्याच्या, शेजारी बसतं आणि त्याला तोंडातून शब्द फुटत नाही. सवलत वापरायला शिकावी लागते हो. हायस्कूलच्या वयात स्पेशल एज्युकेशनचं निम्मं काम हेच असतं, आणि नेमकं हेच कुणी शिकवत नाही, सगळे शुद्धलेखनाच्या वह्या भरून घेत बसतात. चौदा वर्षांच्या पोराला पुन्हा कमळातला क गिरवायला लावला की ते वाचायला शिकत नाही, फक्त तुमच्यावर चिडायला शिकतं.

लेखनिकाचंच घ्या. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, म्हणजे तुमच्या मुलासाठी दहावीच्या वेळी नववीतला किंवा त्याहून लहान. त्या मुलाला किंवा मुलीला दहावीचं सायन्स येत नसतं, येऊही नये, ते फक्त ऐकून लिहिणार. तुमचा मुलगा घरी कसं सांगतो आठवा बरं: "ते ह्यातून करंट जातो ना, मग ते गरम होतं, म्हणून ती वायर वितळते आणि मग पुढचं वाचतं." तुम्हाला कळलं, मलाही कळलं, फ्यूज म्हणतोय तो. लेखनिकानं हेच शब्द कागदावर उतरवले तर तपासणारा काय करेल? त्याला असं सांगता यायला पाहिजे: "विद्युतधारा प्रमाणाबाहेर वाढली की, स्वल्पविराम, फ्यूजची तार वितळते. पूर्णविराम. नवा मुद्दा. त्यामुळे परिपथ खंडित होतो." सेमीतच राहिला तर हेच इंग्लिशमधून. हे एका दिवसात येत नाही. बोलायचं वाक्य आणि लिहायचं वाक्य ह्यांत फरक असतो, आपण लिहून लिहून तो फरक शिकलो, ह्याला तो बोलून शिकायचाय.

म्हणून शेजारपाजारची, नात्यातली एखादी सातवी-आठवीतली, अक्षर बरं असलेली, शांत स्वभावाची मुलगी किंवा मुलगा आत्ताच शोधा. आठवड्यातून एकदा दोघांना बसवा, एक प्रश्न, एक उत्तर, नंतर लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि हा काय बदलायचं ते सांगणार. सुरवातीला दोघं हसतील, भांडतील, होऊ द्या. मग हळूहळू अर्धा पेपर, मग पूर्ण. आकृती असेल तर ती कोण काढणार, गणिताच्या पायऱ्या कशा सांगायच्या, "वर्गमुळात क्ष अधिक तीन" म्हणताना तीन मुळाच्या आत आहे का बाहेर हे कसं सांगायचं, आधी कुठला प्रश्न घ्यायचा, हे सगळं ह्या सरावातच सुटतं. जादा वेळेचं पण तसंच. तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे दोन तासांच्या पेपरला चाळीस मिनिटं आणि तीन तासांच्या पेपरला एक तास. ऐकायला भारी वाटतं, पण चार तास एका जागी बसणं ह्या मुलांना शिक्षा वाटते, बरीचशी मुलं मूळ वेळ संपली की पेपर देऊन पळतात. घरी तेवढा वेळ बसायची सवय करावी लागते, मध्ये एकदा पाणी प्यायचं, हात झटकायचे, हेसुद्धा ठरवून.

वाचायचं काय, तर कानानं वाचू दे. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपमधले व्हिडिओ उघडतात, फोनला मराठी वाचून दाखवता येतं आणि बोललेलं मराठीत टाइप पण करता येतं. तुम्ही रात्री धडा वाचून दाखवता ते उत्तमच आहे, ते सोडू नका, पण दहावीचं सगळं एकट्या आईच्या घशावर कसं निघणार? तुम्ही वाचलेलं फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा, मोटरपाशी बसून पन्नासदा ऐकेल तो. फोन दिला की रील बघतो हा प्रश्न वेगळा, तो सगळ्या महाराष्ट्राचाच आहे.

क्लासवाल्याबद्दल. तीन महिन्यांत डिस्लेक्सिया जातो असं जो म्हणतो त्याच्या पायरीवर चप्पल काढू नका. एलडी हा ताप नाही उतरायला, मेंदूची अक्षरं हाताळायची पद्धतच जन्मापासून वेगळी असते, ती शेवटपर्यंत तशीच राहते, फक्त माणूस तिच्याबरोबर काम करायला शिकतो. ह्याच जातीचे लोक मागे मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या नावानं मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवायचे, अंनिसच्या कार्यकर्त्यांनी ते उघडं पाडलं तरी पालक पैसे भरतच होते. चांगला स्पेशल एज्युकेटर ओळखायचा कसा, तर त्याच्याकडे आरसीआयचं म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन असतं, नंबर मागा, खरा माणूस लगेच दाखवतो, चिडत नाही. तो आधी तुमच्या मुलाचे रिपोर्ट आणि वह्या बघेल, मग ह्याच मुलापुरता लेखी आराखडा करेल, येत्या टर्ममध्ये काय जमायला हवं ते त्यात असेल, आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा तपासून काय सुधारलं ते दाखवेल. वीस मुलांच्या बॅचमध्ये हे होत नाही. आठवड्यातून दोनदा तासभर, एकेकटं किंवा दोघा-तिघांत, असं असेल तर पैसे घालण्यात अर्थ आहे. आणि पैसे घालायच्या आधी तालुक्याच्या गट साधन केंद्रात जाऊन समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कोण आहेत ते विचारा. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून ही माणसं नेमलेली असतात, त्यांच्याकडे शाळा भरपूर असतात म्हणून रोज येणार नाहीत, पण रस्ता दाखवतात, फुकट. लोकांना ते तिथं असतात हेच माहिती नसतं.

सर्टिफिकेट काढा. सासूबाईंना सांगा की शिक्का नववीपर्यंत बसलेलाच आहे, आळशी म्हणून, मठ्ठ म्हणून, तो पुसायला निघालोय. कागद तुमच्या कपाटात राहतो, जिथं उपयोग असेल तिथं दाखवायचा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आलेली आहे, म्हणून हा कागद दहावीपुरता नाही. अक्षमतेचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त निघालं तर पुढे सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ५ टक्के राखीव जागा, नोकरीतही आरक्षण, हे सगळं त्याच्यावर आहे. केंद्राच्या नियमांप्रमाणे वयाच्या आठ वर्षांनंतर पहिलं सर्टिफिकेट मिळतं, मग चौदाव्या वर्षी आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते, अठराव्या वर्षीचं कायमचं. तुमचा मुलगा नववीत, म्हणजे चौदा-पंधराचा, वेळ अगदी बरोबर आहे, दहावीच्या दिवाळीत धावपळ करणाऱ्यांसारखं करू नका. साताऱ्याच्या सिव्हिलला आधी फोन करून एलडीची तपासणी तिथं होते का आणि कुठल्या वारी, ते विचारूनच एसटीत बसा, तिथं नसेल तर कुठल्या मेडिकल कॉलेजला पाठवतात ते तेच सांगतील. मुंबईला सायन, नायर, केईएमला एलडी क्लिनिक आहेत पण तिथं नंबर लागायला वेळ जातो. खासगी सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट समजून घ्यायला चांगला, पण बोर्डाला सरकारी हॉस्पिटलचंच सर्टिफिकेट लागतं असं धरून चला. आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यांक, आणि तो ८५ च्या वर असेल तर पुढची वाचन-लेखन-गणिताची तपासणी. म्हणजे एलडी निघालं ह्याचा अर्थच असा की बुद्धी ठीकठाक आहे, हे वाक्य ह्याच्या वडलांना मुद्दाम वाचून दाखवा. मारून अक्षर सुधारत असतं तर आपल्या पिढीत सगळ्यांचं मोत्यासारखं असतं.

हेडसरांचं काय करायचं? दाखला काढायचा नाही, सही करायची नाही, "बघतो सर" म्हणून यायचं. सतरा नंबरचा फॉर्म हा शाळा सुटलेल्यांसाठी आहे, बाहेरून बसणाऱ्यांसाठी, शाळेला निकाल चकचकीत करून द्यायला नाही. अपंगत्वामुळे विद्यार्थ्याला भेदभावाची वागणूक द्यायची नाही, शिक्षणात सामावून घ्यायचं, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्यायची, हे वरच्या कायद्याच्या १६ आणि १७ कलमात आहे, आणि आपल्या राज्यात तर १९९६ पासून एलडीच्या मुलांना बोर्डाच्या सवलती आहेत, तेव्हा "आम्हाला असं काही माहिती नाही" हे ऐकून घ्यायचं कारण नाही. तरी लगेच भांडायला जाऊ नका, त्या शाळेत पोराला अजून दीड-दोन वर्षं काढायचीत. सर्टिफिकेट हातात आलं की एक साधा अर्ज द्या, कुठकुठल्या सवलती हव्यात ते लिहून, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच घेतलेल्या अर्जाला शाळा वेगळ्या नजरेनं बघते, हा अनुभव सगळ्या आयांचा आहे. शाळेनं तो कोल्हापूर विभागीय मंडळाकडे पाठवायचा असतो. अडवलंच तर जिल्हा परिषदेत माध्यमिकचे शिक्षणाधिकारी, आणि त्याच्याही वर पुण्याला दिव्यांग आयुक्तांचं ऑफिस आहे. नवीन आलेल्या मॅडमना मात्र जपा. त्यांनी आठ वर्षांत कुणाला दिसलं नाही ते पाहिलं, आणि स्टाफरूममध्ये त्यांना त्यावरून काय ऐकावं लागत असेल ते मी ओळखू शकते. नववीच्या घटक चाचण्यांपासूनच जादा वेळ देऊन बघायला त्या मदत करतील.

स्पेशल स्कूलचा विचार कुणी डोक्यात घातला तर तो काढून टाका. आपल्याकडच्या बहुतेक विशेष शाळा मूकबधिर, अंध किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आहेत, एलडीच्या मुलाची जागा साध्या शाळेत, साध्या वर्गातच.

एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा पर्याय आहे, आणि तो वाईट अजिबात नाही. पाच विषयांत दहावी होते, गणित सक्तीचं नाही, विषय एकेक करून देता येतात, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, मराठीतून पण देता येते. ज्या मुलाला शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं त्याला मी स्वतः तिकडं पाठवते. पण तिथं रोज उठवणारं कुणी नसतं, सगळा भार घरावर येतो, आणि इलेक्ट्रिशियनसाठी गणित-सायन्स तिकडेही घ्यावंच लागणार. तुमच्या मुलाला शाळेत मित्र आहेत का, डबा कुणाबरोबर खातो, हे पत्रात नाही, ते एकदा बघा. मित्र असतील तर बोर्डातूनच दहावी करू दे, एनआयओएस हाताशी राहू द्या.

सिव्हिलला जाताना आधार कार्ड, फोटो, शाळेचं पत्र, दोन-तीन वर्षांच्या मार्कलिस्टा घ्या, स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडीची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची, नोंदणी सायबरवाल्याकडून आधीच करून घ्या म्हणजे दुसरी चक्कर वाचते. आणि वह्या न्या, पण त्याच्या स्वतःच्या. बहिणीनं किंवा तुम्ही उतरवून पूर्ण केलेल्या, कव्हर घातलेल्या नेल्या तर तपासणारे म्हणतील अक्षर तर छान आहे. मुलाला पण आदल्या दिवशी नीट सांगा कुठे चाललोय आणि का, नाहीतर तो तिथं घाबरून तोंडी येतं ते पण सांगायचा नाही. वाटलं तर मोटरचं उदाहरण देऊन सांगा, त्याला लगेच समजेल.